अमेरिकी विद्यापीठांत शैक्षणिक अप्रामाणिकतेचा आरोप: नोटिशीपासून अपिलापर्यंत

सत्र संपत आले की अमेरिकेतील विद्यापीठांतून एका विशिष्ट प्रकारचे ईमेल निघू लागतात. विषयाच्या ओळीत ‘शैक्षणिक सचोटीसंबंधी बैठक’ असे काहीसे सौम्य शब्द असतात. आत मात्र विद्यार्थ्याने नियमावलीच्या अमुक कलमाचा भंग केल्याचा आरोप असतो आणि उत्तरासाठी मोजक्या दिवसांची मुदत असते. नाशिकहून किंवा सोलापूरहून वर्षापूर्वीच एम.एस.साठी आलेला भाचा असो, की इथेच जन्मलेली आपली मुलगी असो, पहिला फोन बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जातो. एच-१बीची कलमे आणि करविवरणाचे बारकावे आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असतात; ही प्रक्रिया मात्र ती अंगावर येईपर्यंत कोणी वाचलेली नसते.

महाराष्ट्रात ‘कॉपी’ म्हटले की डोळ्यांपुढे परीक्षागृह उभे राहते: चिठ्ठी, पर्यवेक्षक, भरारी पथक. परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी राज्याने १९८२ साली स्वतंत्र अधिनियम केला, तोही याच चित्रावर बेतलेला होता. अमेरिकी विद्यापीठांत अप्रामाणिकतेची व्याख्या परीक्षागृहाच्या भिंतींबाहेर फार दूरवर पसरलेली आहे. घरी करावयाचा स्वाध्याय, संगणकप्रणालीची असाइनमेंट, प्रयोगशाळेचा अहवाल, मित्राला पाठवलेली आपली जुनी उत्तरे, एकाच निबंधाचा दोन विषयांसाठी केलेला वापर, हे सारे तिच्या कक्षेत येते. घेणाऱ्याइतकाच देणाराही दोषी ठरू शकतो. गिटहबवर आपली असाइनमेंट सर्वांसाठी खुली ठेवणे हाही काही अभ्यासक्रमांत नियमभंग असतो, हे अनेकांना नोटीस आल्यावरच कळते.

आपल्याकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांची आणखी एक समजूत येथे आडवी येते. भारताच्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी जे विनियम केले, त्यांत साम्याचे टप्पे टक्केवारीत ठरवून दिले आहेत: १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० पर्यंत सुधारित लेखन, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. त्यामुळे ‘टर्निटिनवर नऊ टक्के आले, म्हणजे आपण सुरक्षित’ असा हिशेब मनात पक्का बसलेला असतो. अमेरिकेत असा सर्वमान्य आकडा नाही. तीस टक्के साम्य दाखवणाऱ्या निबंधातील प्रत्येक उतारा अवतरणचिन्हांत आणि संदर्भासह असेल, तर तो निर्दोष ठरू शकतो. उलट चार टक्क्यांतील एकच परिच्छेद दुसऱ्याचा असला, तर तेवढ्यावर प्रकरण उभे राहते. संगणकशास्त्रात तर अशी टक्केवारी पाहून हुरळून जाणे अधिकच घातक. ॲलेक्स एकेन यांनी १९९४ साली विकसित केलेली ‘मॉस’ ही प्रणाली आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. ती संगणकप्रणालीची रचना ताडून पाहते, म्हणून चलांची नावे बदलून काही साधत नाही.

सहकार्याच्या मर्यादेवरून केवढा गोंधळ होऊ शकतो, याचे ठळक उदाहरण हार्वर्डचे आहे. २०१२ साली अमेरिकी काँग्रेसविषयीच्या एका अभ्यासक्रमात घरी सोडवायची अंतिम परीक्षा होती. पुस्तके, टिपणे, इंटरनेट या सर्वांना मुभा होती; परस्परांशी चर्चा करण्यास मात्र मनाई. सुमारे २८० विद्यार्थ्यांच्या त्या वर्गातील सव्वाशेच्या आसपास उत्तरपत्रिका संशयाखाली आल्या. ज्यांची प्रकरणे मंडळापुढे गेली, त्यांपैकी निम्म्याहून अधिकांना काही काळासाठी विद्यापीठ सोडावे लागल्याचे २०१३ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. त्यानंतर हार्वर्डने प्रथमच विद्यार्थ्यांसाठी लिखित सचोटी-संहिता स्वीकारली. इतक्या जुन्या संस्थेलाही ती तोवर लागली नव्हती, हे नोंदण्यासारखे आहे.

निर्णय कोण करते

या विषयावर अमेरिकेत एकच एक राष्ट्रीय नियम नाही. प्रत्येक विद्यापीठाची, कधी एकाच विद्यापीठातील प्रत्येक महाविद्यालयाची पद्धत निराळी असते. व्हर्जिनिया विद्यापीठात १८४२ पासून चालत आलेली सचोटी-व्यवस्था विद्यार्थीच चालवतात. तेथे दोष सिद्ध झाला की हकालपट्टी हीच एकमेव शिक्षा होती आणि ती अट शिथिल व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. प्रिन्स्टनमध्ये वर्गातील परीक्षेचे प्रकरण विद्यार्थ्यांच्या समितीकडे जाते, तर घरी लिहिलेल्या निबंधाचे निराळ्या समितीकडे. मोठ्या सरकारी विद्यापीठांत बहुधा विद्यार्थी-आचरण कार्यालय असते आणि प्राध्यापक व विद्यार्थी यांचे मिश्र मंडळ सुनावणी घेते.

सरकारी विद्यापीठांवर राज्यघटनेचे बंधन आहे, आणि त्याचा उगम वेगळ्याच लढ्यात आहे. १९६० साली अलाबामा राज्यातील कृष्णवर्णीयांच्या एका सरकारी महाविद्यालयाने माँटगोमेरीतील उपाहारगृहात वंशभेदाविरुद्ध ठाण मांडणाऱ्या विद्यार्थ्यांना कसलीही सुनावणी न देता काढून टाकले. ‘डिक्सन विरुद्ध अलाबामा’ या खटल्यात १९६१ साली संघराज्यीय अपील न्यायालयाने ठरवले की सरकारी महाविद्यालयाने विद्यार्थ्याला काढण्यापूर्वी आरोपाची सूचना आणि म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. आज कॉपीच्या आरोपाखालील विद्यार्थ्याला जी नोटीस मिळते, तिच्यामागे तो निकाल आहे. मात्र १९७८ च्या ‘होरोविट्झ’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ शैक्षणिक गुणवत्तेच्या कारणावरून काढण्यासाठी अशा औपचारिक सुनावणीची गरज नसल्याचे म्हटले. खासगी विद्यापीठांना घटनेतील हे बंधन थेट लागू नाही. तेथे विद्यार्थी-पुस्तिकेत दिलेली वचने करारासारखी मानली जातात. म्हणून ती पुस्तिका, कंटाळवाणी असली तरी, शब्दशः वाचावी लागते.

पहिले उत्तर

प्रक्रियेची ढोबळ चाल सर्वत्र सारखी आहे. प्राध्यापकाला संशय येतो. काही ठिकाणी तो विद्यार्थ्याशी बोलून, छापील नमुन्यावर दोघांच्या सह्या घेऊन प्रकरण तेथेच मिटवू शकतो. काही ठिकाणी त्याला ते कार्यालयाकडे पाठवणे बंधनकारक असते. मग नोटीस, पुरावे पाहण्याची संधी, आरोप मान्य किंवा अमान्य करण्याचा प्रश्न, अमान्य असल्यास सुनावणी, निर्णयपत्र, आणि शेवटी अपील.

या साखळीतील सर्वांत निर्णायक कडी म्हणजे विद्यार्थ्याचे पहिले उत्तर, आणि नेमके तेच घाबरलेल्या अवस्थेत, रात्री दोन वाजता लिहिले जाते. आपल्या मुलांवर मोठ्यांपुढे वाद न घालण्याचे संस्कार असतात. ‘सर, चूक झाली, क्षमा करा’ हे वाक्य घरी समेटाचे असते. येथे ती लेखी कबुली ठरते आणि अनेक विद्यापीठांत कबुलीनंतर अपिलाचा आवाका फक्त शिक्षेपुरता उरतो. खरोखर चूक झाली असेल तर ती स्पष्टपणे मान्य करणे हाच योग्य आणि बहुधा हिताचाही मार्ग आहे. परंतु न केलेल्या गोष्टीची कबुली प्राध्यापकाची मर्जी राखण्यासाठी देणे ही निराळी गोष्ट. आरोप कोणत्या कलमाखाली आहे, पुरावा काय आहे, तो कधी पाहता येईल, एवढेच विचारणारे चार ओळींचे नम्र उत्तर पहिल्या दिवशी पुरेसे असते. आरोपानंतर तो विषय सोडून देता येईल, असा विचारही मनात येतो. पुष्कळ विद्यापीठे चौकशी संपेपर्यंत तशी परवानगी देत नाहीत.

सुनावणी हे न्यायालय नव्हे. बहुतेक ठिकाणी दोषाचा निकष ‘संशयापलीकडे सिद्ध’ असा नसून ‘घडले असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा अधिक’ एवढाच असतो. काही संस्था याहून कडक निकष लावतात, व्हर्जिनियाची सचोटी-समिती तर फौजदारी खटल्याइतका. सोबत एक सल्लागार नेता येतो, काही ठिकाणी वकीलही. पण त्याला सहसा बोलण्याची मुभा नसते, बोलायचे विद्यार्थ्यानेच. अशा वेळी उपयोगी पडतात ते मसुदे. गूगल डॉक्समधील आवृत्त्यांचा इतिहास, गिटमधील टप्प्याटप्प्याच्या नोंदी, वहीतली कच्ची आकडेमोड, ग्रंथालयातील शोधांच्या नोंदी, प्राध्यापकाच्या भेटीच्या वेळेत विचारलेले प्रश्न. काम हळूहळू कसे घडले, हे दाखवणारा कागद तोंडी युक्तिवादापेक्षा मंडळाला अधिक पटतो.

यंत्राची साक्ष

यंत्राचा पुरावाही तपासून घ्यावा लागतो, हे डार्टमथच्या वैद्यकीय महाविद्यालयाने स्वतःच्या अनुभवातून दाखवून दिले. २०२१ साली दूरस्थ परीक्षांच्या काळात तेथील १७ विद्यार्थ्यांवर परीक्षेदरम्यान अभ्याससाहित्य उघडल्याचा आरोप झाला. आधार होता ‘कॅनव्हास’ या शिक्षणप्रणालीतील नोंदींचा. पुढे लक्षात आले की विद्यार्थ्याने हात न लावताही, दुसऱ्या उपकरणावर उघडे राहिलेले पान आपोआप ताजे होते आणि तशी नोंद उमटते. काही विद्यार्थ्यांनी तर कबुली दिल्यास सौम्यता मिळेल या समजुतीने दोष मान्य केला होता, असे त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितले. त्या वर्षी जूनमध्ये सर्व आरोप मागे घेण्यात आले आणि अधिष्ठात्यांनी क्षमा मागितली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लेखनाचा छडा लावणाऱ्या साधनांविषयी तर अधिक सावध राहावे लागते. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी असल्याच्या कारणास्तव २०२३ च्या जुलैत मागे घेतले. टर्निटिनने त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणलेल्या सुविधेत चुकीच्या संशयाचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असल्याचा दावा आहे. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यावर साधा गुणाकार केला. वर्षाकाठी ७५ हजार निबंध तपासले जात असतील, तर एक टक्का म्हणजे ७५० निबंध. त्यांनी ती सुविधा ऑगस्टमध्ये बंद केली. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांसाठी स्टॅनफर्डच्या संशोधकांचा २०२३ चा अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे. टोफेल परीक्षेतील ९१ निबंध त्यांनी अशा सात साधनांतून घातले, तेव्हा माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के यंत्रलिखित ठरवले गेले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ निर्दोष सुटले. मोजकी शब्दसंपदा आणि ठरावीक वाक्यरचना हीच या साधनांच्या लेखी संशयाची खूण होती. टर्निटिन त्या सातांत नव्हते, हे ध्यानात ठेवूनच या अभ्यासाचा दाखला द्यावा. तरी इयत्ता दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याने मंडळापुढे तो जरूर ठेवावा.

शिक्षा आणि व्हिसा

शिक्षेची उतरंड ताकिदीपासून सुरू होते: त्या कामाला शून्य गुण, विषयात नापास, एक किंवा दोन सत्रांचे निलंबन, हकालपट्टी, आणि पदवी मिळाल्यानंतर दोष उघड झाल्यास पदवीही परत. मेरिलँड विद्यापीठात अप्रामाणिकतेमुळे नापास झाल्यास गुणपत्रिकेवर ‘एक्सएफ’ अशी वेगळी श्रेणी उमटते. वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला मात्र हीच शिक्षा दुप्पट भरावी लागते. नागरिक असलेला वर्गमित्र निलंबनाच्या सत्रात घरी राहून नोकरी करतो आणि परततो. एफ-१ धारकाचे निलंबन झाले की पूर्णवेळ शिक्षणाची अट मोडते, विद्यापीठाला त्याची सेव्हिसमधील नोंद संपवावी लागते, आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना देशात राहण्यासाठी मिळणारे ६० दिवस त्याला मिळत नाहीत. परतताना बहुधा नवा आय-२० आणि गरज असल्यास नवा व्हिसा. एका विषयात नापास होण्याने व्हिसा आपोआप जात नाही. पण पदव्युत्तर विद्यार्थ्याची सरासरी आवश्यक पातळीखाली घसरली तर सहायकपद आणि त्यासोबतची शुल्कमाफी धोक्यात येते. शैक्षणिक कर्ज घेऊन आलेल्या घरासाठी हा आकडा लहान नसतो. आचरण कार्यालयातील माणसांना व्हिसाचे नियम ठाऊक असतीलच असे नाही, तेव्हा शिक्षा ठरण्यापूर्वीच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकाऱ्याची भेट घ्यावी. निलंबन केव्हापासून लागू व्हावे, एवढ्या एका तपशिलावर चालू सत्र वाचणे किंवा बुडणे अवलंबून असू शकते.

‘मी प्राध्यापकांशी बोलतो’ असे म्हणणाऱ्या पालकांना येथे दार बंद असते. १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर शैक्षणिक नोंदींवरील हक्क विद्यार्थ्याकडे जातात, शुल्क कोणी का भरेना. विद्यार्थ्याची लेखी संमती असेल, किंवा तो करविवरणात पालकांवर अवलंबून दाखवलेला असेल, तर विद्यापीठ माहिती देऊ शकते. देणे बंधनकारक नाही.

अपिलाची मुदत थोड्या दिवसांचीच असते आणि कारणे ठरलेली: प्रक्रियेतील चूक, आधी उपलब्ध नसलेला पुरावा, किंवा शिक्षेचे अवाजवी स्वरूप. ‘निर्णय मान्य नाही’ हे कारण नव्हे. इंग्लंड आणि वेल्समध्ये विद्यापीठाची प्रक्रिया संपल्यावर १२ महिन्यांच्या आत स्वतंत्र निवाडा कार्यालयाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, मात्र ते कार्यालय निव्वळ शैक्षणिक मूल्यमापनात हात घालत नाही. अमेरिकेत अशी बाहेरची पायरी नाही. उरते ते न्यायालय, आणि न्यायाधीश विद्यापीठांच्या अंतर्गत निर्णयांत सहसा ढवळाढवळ करत नाहीत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण येथेही बऱ्याच अंशी लागू पडते.

प्रकरण मिटल्यावरही नोंद अनेक वर्षे राहते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामायिक अर्जात आणि विधी महाविद्यालयांच्या अर्जांत शिस्तभंगाच्या कारवाईविषयी थेट प्रश्न असतो. काही अर्ज फक्त सिद्ध झालेल्या दोषाविषयी विचारतात, काही कोणत्याही कारवाईविषयी, मग ती नुसती ताकीद का असेना. उत्तर देण्यापूर्वी प्रश्नाचे शब्द आणि आपले निर्णयपत्र शेजारी ठेवून वाचावे. म्हणून ते पत्र, प्रकरण निर्दोष सुटले असले तरी, जपून ठेवावे लागते.