तांबडा विंचू आणि मज्जातंतूंचे दरवाजे

सयाजीगंजातील विद्यापीठाच्या विज्ञान शाखेवरून जाताना मला कलाभवनाची आठवण होते. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती ते सोपवले, तेव्हा शास्त्र देशी भाषेतून शिकवायचे हा आग्रह त्यामागे होता. त्याच आग्रहाला धरून आज मेंदू आणि मज्जातंतूंच्या संशोधनातील एक इतिहास मराठीत सांगतो. त्याचा नायक कोकणातला आहे.

आपल्या भाषेला विंचू नवा नाही. एकनाथांनी त्याच्यावर भारूड रचले, ते ऐकून आपण डोलतोही. परंतु कोकणातला तांबडा विंचू ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. संध्याकाळी नांगी लागावी, मग अंग घामाने थबथबावे, उलट्या व्हाव्यात, तोंडाला फेस यावा, आणि उजाडेपर्यंत धडधाकट पोर हातचे जावे.

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रात्ररात्र रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी टिपणे ठेवली. वेदना मारीत नव्हती. हृदय थकत होते, फुप्फुसांत पाणी भरत होते. १९८२ मध्ये ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. खेड्यातल्या डॉक्टरची वही लंडनच्या नियतकालिकात पोचली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

हे घडते कसे? मज्जातंतूच्या आवरणात सूक्ष्म दरवाजे असतात. सोडियम, पोटॅशियम यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, त्यांतून ये-जा करतात. म्हणून त्यांना आयनमार्ग म्हणू. विंचवाच्या विषातील पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, सोडियमचा दरवाजा लवकर मिटू देत नाहीत. तंतू संदेश सोडीतच राहतो, अॅड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात. बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध वापरले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा ३० च्या घरात दगावत. ते प्रमाण शेकडा चारच्या आत आले.

त्याच सुमारास हे विष प्रयोगशाळेतही पोचले होते. १९९० मध्ये अमेरिकेतील मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून ३७ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड वेगळे काढले. नाव ठेवले आयबेरिओटॉक्सिन! आयबेरिया म्हणजे स्पेन-पोर्तुगाल. विंचू मात्र आपला. हे नाव मला खटकते. पण काम मोठे झाले. हे पेप्टाइड पोटॅशियमचा एकच ठरावीक मार्ग बंद करते, बाकीच्यांना सहसा हात लावीत नाही. त्यामुळे मेंदूत तो मार्ग नेमके काय करतो हे तपासायला जगभरच्या संशोधकांना किल्ली मिळाली. २००५ मध्ये एका कुटुंबातील अपस्मार आणि अंगाच्या अनावर हालचाली यांचे मूळ याच मार्गाच्या जनुकातील बिघाडात सापडले.

इकडे महाडात काम थांबले नव्हते. घोड्याच्या रक्तापासून केलेली प्रतिविषाची लस प्राझोसिनच्या जोडीला दिली तर काय होते, हे बावस्करांनी ७० रुग्णांवर पडताळले आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८, लसीसह ३५ पैकी ३२.