शैक्षणिक मानसशास्त्रातील संशोधन व मार्गदर्शन

शैक्षणिक मानसशास्त्र ही अध्ययन, प्रेरणा, बुद्धिमत्ता व मूल्यमापन यांचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा आहे. महाराष्ट्रात या विषयाचे पदव्युत्तर अध्ययन प्रामुख्याने मानसशास्त्रातील एम.ए. व शिक्षणशास्त्रातील एम.एड. या मार्गांनी होते. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात.

पार्श्वभूमी

व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर केले. ही चाचणी बिने-कामत चाचणी म्हणून ओळखली जाते. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागानेही मराठीतून बुद्धिमापनाचे कार्य केले आहे.

मार्गदर्शनाची रचना

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी ३ वर्षे असून अभ्यासक्रमाचे किमान १२ श्रेयांक पूर्ण करावे लागतात. एका वेळी प्राध्यापकास ८, सहयोगी प्राध्यापकास ६ व सहायक प्राध्यापकास ४ विद्यार्थ्यांपर्यंत मार्गदर्शन करता येते. निवृत्तीस ३ वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकास नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. संशोधन सल्लागार समिती प्रत्येक सत्रात प्रगतीचा आढावा घेते. नोकरदार शिक्षकांना संस्थेच्या ना-हरकत प्रमाणपत्रासह अंशकालीन पीएच.डी. करता येते.

कर्जत व खालापूरमधील संदर्भ

या तालुक्यांत ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजांची वस्ती आहे. कातकरी समाजाचा समावेश विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होतो. कातकरी बोली प्रमाण मराठीहून भिन्न असल्यामुळे प्रमाण मराठीतील चाचणीत मिळालेले कमी गुण भाषेच्या अपरिचयामुळेही असू शकतात. असे गुण बुद्धिमत्तेचे निदर्शक मानल्यास मुलावर मंदबुद्धीचा शिक्का बसण्याचा धोका असतो. शिवाय पावसाळ्यानंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. त्यामुळे वर्षभर चालणाऱ्या अभ्यासातून तीच मुले गळतात आणि उरलेल्या नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष एकांगी ठरतो.

अशा संशोधनात मार्गदर्शकाची जबाबदारी केवळ प्रबंध तपासण्यापुरती मर्यादित राहत नाही. चाचणी त्या मुलांवर प्रमाणित झाली आहे का, पालकांना समजेल अशा बोलीत संमती घेतली आहे का आणि माहिती गोळा करण्याचा हंगाम योग्य आहे का, हे आराखड्याच्या टप्प्यावरच पाहणे आवश्यक ठरते.

हेही पहा

कातकरी • बुद्धिमत्ता चाचणी • मुंबई विद्यापीठ