साडेसोळा मिलिमीटर : छोट्या रेल्वेच्या छंदातील जुन्या वैतागाचा इतिहास

तंत्रज्ञानाच्या इतिहासात ‘मानक’ हा विषय निघाला की आपण सहसा मोठी उदाहरणे घेतो : विजेचा दाब, टंकयंत्राचा कळफलक, रेल्वेचे गेज. या पाठासाठी मुद्दाम टेबलावर मावेल एवढे उदाहरण निवडले आहे. खऱ्या रेल्वेच्या लहान प्रतिकृती करून त्या चालवण्याचा छंद ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेत शंभर वर्षांहून जुना आहे. या छंदात रमलेल्या माणसांच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. एका कंपनीची वाघीण दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला जोडली जात नाही. सांध्यावर डबा घसरतो. रूळ काळवंडतात आणि इंजिन अडखळते. जागा कधीच पुरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, हात अजून बसलेला नसेल. पण यांतल्या बऱ्याच अडचणींचे मूळ १९२० आणि १९३० च्या दशकांतील काही व्यापारी निर्णयांत आहे, आणि ते निर्णय चुकीचे होते हे कळल्यावरही बदलता आले नाहीत. का आले नाहीत, हा आपला प्रश्न.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या. ‘प्रमाण’ म्हणजे मूळ वस्तूच्या मानाने प्रतिकृती किती पटीने लहान आहे ते. ‘गेज’ म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. खऱ्या रेल्वेचे गेज त्याच प्रमाणात लहान केले की प्रतिकृतीचे गेज मिळायला हवे. गणित एवढे सोपे आहे. इतिहासाने ते सोपे राहू दिले नाही.

जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातील रेल्वेसाठी क्रमांक दिलेली गेजे मांडली. सर्वांत लहान गेजला क्रमांक १ दिला होता. पुढे त्याहून लहान गेज काढावे लागले, तेव्हा त्याला ‘शून्य’ म्हटले गेले. त्याहूनही लहान आले, तेव्हा ‘शून्य-शून्य’. इंग्रजीत शून्याचा उच्चार ‘ओ’ अक्षरासारखा होत असल्याने त्याचे ‘ओओ’ झाले. या नावांतच पहिला धडा आहे : १ हा आकडा सर्वांत लहान गेजला देणाऱ्यांना याहून लहान आगगाडी कोणी मागेल असे वाटलेच नव्हते.

१९२२ साली न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीने सुमारे १६ मिलिमीटर गेजची ‘टेबलावरची रेल्वे’ बाजारात आणली. ब्रिटनमध्ये ती नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीमार्फत विकली गेली. तोवर छोटी रेल्वेही बैठकीच्या खोलीची जमीन अडवत असे. आता ती जेवणाच्या टेबलावर आली. मध्यमवर्गीय घरांच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. पुढे हे गेज १६.५ मिलिमीटरवर स्थिरावले. खऱ्या रेल्वेचे प्रमाणित गेज १४३५ मिलिमीटर. त्याला १६.५ ने भागा; उत्तर सुमारे ८७ येते. म्हणजे या रुळावर १:८७ प्रमाणाची गाडी अचूक बसते. युरोप आणि अमेरिकेत हेच प्रमाण ‘एचओ’ या नावाने रुजले. ‘एच’ म्हणजे अर्धे : शून्य गेजच्या निम्मे.

ब्रिटनमध्ये मात्र अडचण आली. तिथली रेल्वे सर्वांत जुनी, म्हणून तिथले बोगदे आणि पूल अरुंद, आणि त्यांतून जाणारी इंजिनेही युरोपातल्या इंजिनांपेक्षा बुटकी आणि सडपातळ. १:८७ प्रमाणातले ब्रिटिश इंजिन इतके बारीक होई की त्या काळची विजेची मोटर त्याच्या बॉयलरमध्ये मावत नसे. खेळण्याची चाकेही जाड, त्यांना बाजूला जागा लागे. हेन्री ग्रीनली या अभियंता-लेखकाने उपाय पुढे केला : गाडी थोडी मोठी करू, एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२, रूळ मात्र बाजारात आहेत तेच वापरू. मोटर मावली आणि प्रश्न मिटला.

आता भागाकार पुन्हा करून पाहा. १४३५ भागिले ७६.२ म्हणजे १८.८३ मिलिमीटर. रूळ मात्र १६.५ चेच. म्हणजे ब्रिटिश ओओ गाडी ज्या रुळावर धावते तो खऱ्या मापात सुमारे १२५७ मिलिमीटरचा, खऱ्यापेक्षा जवळजवळ १८ सेंटिमीटर अरुंद. समोरून पाहिले की फरक डोळ्यात भरतो : रुंद अंगाची गाडी पाय जवळ घेऊन उभी असल्यासारखी दिसते. यावर ब्रिटिश छांदिष्टांमध्ये अनेक दशके वाद झाले. (अमेरिकेतील शून्य गेजची गंमत उलटी आहे. तिथे १:४८ प्रमाण आणि ३२ मिलिमीटर रूळ, म्हणजे रूळ खऱ्यापेक्षा दहा सेंटिमीटर रुंद.)

चूक सगळ्यांना दिसत होती, तर सुधारली का नाही? कारण १९३८ साली लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने ‘हॉर्नबी डब्लो’ ही मालिका याच मापावर काढली. ‘डब्लो’ म्हणजे डबल ओ. हॉर्नबीचे नाव ब्रिटनमध्ये घरोघर माहीत होते. एकदा हजारो घरांत १६.५ मिलिमीटरचे रूळ गेल्यावर १८.८३ चे रूळ काढणाऱ्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार? प्रत्येक नवा उत्पादक जुन्या रुळांवर चालेल अशीच गाडी काढी, आणि प्रत्येक नवी गाडी जुन्या रुळांचे आयुष्य वाढवी. अर्थशास्त्रात याला ‘मार्गावलंबन’ म्हणतात : पुढची वाट आधी टाकलेल्या पावलांवर ठरते. मोटरी तर पुढे इतक्या लहान झाल्या की १:८७ च्या ब्रिटिश इंजिनात आरामात मावल्या असत्या. मूळ कारण संपले, त्याचा परिणाम उरला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावा असा भाग हाच आहे.

ज्यांना हे सहन होईना त्यांनी स्वतःचे मार्ग काढले. काहींनी १८ आणि पुढे १८.२ मिलिमीटरचे ‘ईएम’ गेज धरले. त्यांची संस्था १९५५ साली स्थापन झाली. १९६० च्या दशकात आणखी कडक मंडळी पुढे आली आणि त्यांनी थेट १८.८३ मिलिमीटरचे ‘पी४’ मानक मांडले. यात चाकाची कड इतकी बारीक की रूळ जरा वरखाली झाला की गाडी घसरणार. म्हणून चाकांना खऱ्या गाडीसारखे वरखाली होऊ द्यावे लागते. विकत घेतलेल्या इंजिनाची चाके बदलायची, सांधे स्वतः घडवायचे, मग कधीतरी गाडी चालवायची. अचूकतेची किंमत वर्षांत मोजावी लागते. बहुसंख्य लोकांनी ती दिली नाही, आणि त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही.

विजेचीही अशीच कथा. सुरुवातीच्या बहुतेक विद्युत गाड्यांना तिसरा रूळ असे. वीज मधल्या रुळातून येई आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून परत जाई. दिसायला ते खोटे, पण वापरायला सोपे. पुढे दोनच रूळ ठेवून एकातून वीज आणायची आणि दुसऱ्यातून परत न्यायची पद्धत आली. दिसायला छान, पण एक नवी डोकेदुखी जन्माला आली. गाडी वळसा घेऊन त्याच मार्गावर परत आणली की डावा रूळ उजव्या रुळाला जाऊन मिळतो आणि शॉर्टसर्किट होते. वळशाचा तुकडा वेगळा तोडून त्याची ध्रुवता उलटवावी लागते. तिसऱ्या रुळाच्या काळात हा प्रश्नच नव्हता. मेर्क्लिनने मधल्या रुळाऐवजी स्लीपरांत लपवलेले धातूचे ठिपके बसवून जुनी पद्धत टिकवली. मेकॅनोला दोन रुळांवर यायला १९५९ उजाडले, तर तिची प्रतिस्पर्धी ट्राय-अँग १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच दोन रुळांची स्वस्त, प्लॅस्टिकची गाडी विकत होती. १९६४ साली ट्राय-अँगच्या मालकांनी मेकॅनो विकत घेतली. कारणे इतरही होती, पण हा उशीर त्यांतला एक. दोन्ही कंपन्यांची कपलिंगे निराळी असल्याने मग एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरे कपलिंग असलेली खास वाघीण विकायची वेळ आली.

रूळ काळवंडण्याला ना कंपनी जबाबदार, ना इतिहास. चाक आणि रूळ यांच्यामध्ये बारीक ठिणग्या उडतात, त्यावर धूळ आणि तेल बसते. ते पुसत राहणे एवढेच हाती असते. जस्ताच्या मिश्रधातूचे जुने भाग फुगून तडकतात, त्याचे कारण मात्र ठाऊक आहे : ओतताना जस्तात शिसे मिसळले गेले की तो धातू आतून कुजत जातो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची अनेक इंजिने अशी कपाटात ठेवल्या जागी मोडली.

मग मानके ठरवायची कोणी? अमेरिकेत हे काम ग्राहकांनी अंगावर घेतले. १९३५ साली मिलवॉकी येथे छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने चाकांची आणि रुळांची मापे ठरवली आणि ती तपासायला धातूची एक छोटी पट्टी काढली. पट्टी चाकावर धरली की माल मापात आहे की नाही ते दुकानातच कळे. उत्पादकाला वठणीवर आणणारे इतके साधे साधन क्वचितच सापडेल. कपलिंगबाबत मात्र हीच संघटना तितकी यशस्वी झाली नाही. तिथे बाजारात अनेक वर्षे आकड्यांचे स्वस्त कपलिंग चालले आणि केडी कंपनीचे चांगले कपलिंग पेटंटची मुदत संपल्यावर सर्वत्र पसरले. १९९० च्या दशकाच्या मध्यात या संघटनेने जर्मन अभियंता बेर्न्ड लेन्झ यांच्या कामावर आधारलेले डिजिटल नियंत्रणाचे मानक स्वीकारले. रुळांतून जाणारा संकेत सर्वांचा एक झाला, त्यामुळे कोणत्याही कंपनीचे इंजिन कोणत्याही यंत्रणेवर चालते. हातातल्या नियंत्रकाला जोडणारी तार मात्र मानकाबाहेर राहिली. आजही एका कंपनीचा नियंत्रक दुसरीच्या यंत्रणेत सहसा चालत नाही.

हे सारे दूर देशीचे वाटत असेल, तर आपल्या रेल्वेकडे या. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे. १:८७ प्रमाणात त्याला १९.३ मिलिमीटरचा रूळ हवा. बाजारात सहज मिळतो तो १६.५ चाच. म्हणजे भारतीय ब्रॉडगेज गाडीची प्रतिकृती या रुळावर ठेवणारा जवळजवळ १४ टक्के अरुंद रूळ पत्करतो, ब्रिटिश ओओपेक्षा थोडा अधिकच. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून छोट्या रेल्वेचे एक संग्रहालय आहे, जोशी यांचे. तिथे गेलात तर गाड्यांबरोबर रुळांकडेही पाहा.

आपल्या नॅरोगेजचे नशीब मात्र बरे. कालका-शिमला मार्ग किंवा एके काळचा बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग, दोन्ही ७६२ मिलिमीटरचे. १:८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि ९ मिलिमीटरचा रूळ दुकानात तयार मिळतो. बार्शीची ती लाईन आता ब्रॉडगेज झाली आहे. टेबलावर ती नॅरोगेज म्हणून जवळजवळ खऱ्या मापात धावू शकते; तिच्या जागी आलेल्या ब्रॉडगेजसाठी मात्र रूळ आणि सांधे हाताने घडवावे लागतील.