तळपायाला, टाचेला गाठ आलीय? पातं लावण्याआधी हे वाचा

पेरणी असो, ऊसतोड असो की कापूस वेचणी, शेतकऱ्याचं सगळं काम पायावर. तरी अंगातला सगळ्यात दुर्लक्षित अवयव म्हणजे पाय. तळव्याला किंवा टाचेला कडक गाठ लागली की आपल्याकडे तीनच उपाय ठरलेले. कोणी दाढीच्या पात्याने कापतो, कोणी बिब्बा लावतो, कोणी रुईचा चीक लावतो. गाठ नेमकी कसली आहे, हे मात्र कोणी बघत नाही. पायाच्या गाठी दिसायला सारख्या वाटल्या तरी त्यांची कारणं वेगळी आणि उपचारही वेगळे. बहुतेक गाठी साध्या असतात. पण काही गाठींना पातं लावलं किंवा त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, तर पाय गमवायची वेळ येते.

घट्टा आणि कुरूप (भोवरी)

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच. एकाच जागी सारखा दाब किंवा घासणी झाली की कातडी स्वतःला वाचवायला जाड होते. पसरट जाड झाली तर घट्टा, आणि मध्ये खिळ्यासारखा टणक गाभा तयार झाला तर कुरूप. काही भागात त्यालाच भोवरी म्हणतात. काटा आत राहिला म्हणून कुरूप होतं, असा समज आहे. खरं कारण बहुतेक वेळा दाबच असतो: घट्ट बूट, झिजलेली चप्पल, कडक प्लास्टिकचे बूट. म्हणून कुरूप कापलं तरी तीच चप्पल घातली की ते पुन्हा येतं.

उपाय: पाय १० ते १५ मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मग वजरीने हळूहळू घासा. एका दिवसात सगळं काढायला जाऊ नका. नंतर व्हॅसलीन किंवा मेडिकलमध्ये मिळणारा युरियाचा मलम लावा (खताचा युरिया नव्हे!). चप्पल मऊ तळाची आणि बोटांना जागा देणारी घ्या. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कुरपाच्या पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असतं. ती फक्त कुरपावरच बसली पाहिजे, आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर लागली तर जखम होते. मधुमेह असेल तर यातला कोणताच उपाय घरी करायचा नाही. त्याचं कारण पुढे दिलं आहे.

तळव्याची चामखीळ

ही विषाणूमुळे होते. ओल्या जागी अनवाणी चालताना, दुसऱ्याची चप्पल किंवा वजरी वापरल्याने ती लागू शकते. शाळकरी पोरांमध्ये जास्त दिसते. कुरपासारखी वाटते, पण ओळखायच्या तीन खुणा आहेत. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात. आणि तळव्याच्या रेषा कुरपावरून सरळ जातात, चामखिळीपाशी तुटतात.

चामखीळ कापली तर रक्त येतं आणि विषाणू शेजारी पसरतो. मुलांमध्ये ती बऱ्याचदा काही महिन्यांत, कधी एक-दोन वर्षांत आपोआप जाते. दुखत असेल तर सॅलिसिलिक ॲसिडचं औषध रोज लावावं लागतं. १२ आठवडेही लागू शकतात, धीर पाहिजे. त्वचारोगतज्ज्ञ अतिथंड वायूने गोठवूनही ती काढतात.

टाचेचं हाड वाढलं?

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ येते, चार पावलं चाललं की कमी होते. एक्स-रे काढला की "हाड वाढलंय" असं कळतं आणि माणूस घाबरतो. खरं तर दुखणं बहुतेक वेळा त्या हाडाचं नसतं. टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्याला ताण आलेला असतो. हाड वाढलेलं असूनही काहीच त्रास नसलेली माणसं पुष्कळ आहेत.

यावर पिंढरी आणि तळवा ताणण्याचे व्यायाम, पायाखाली बाटली ठेवून मागेपुढे फिरवणं, टाचेला मऊ गादी असलेली चप्पल, वजन आटोक्यात ठेवणं हे उपाय आहेत. बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो, ऑपरेशनची गरज क्वचितच लागते.

इतर साध्या गाठी

- टाचेच्या मागच्या बाजूला, बूट घासतो तिथे टणक उंचवटा: हाडाच्या ठेवणीमुळे आणि कडक बुटामुळे होतो. मागून उघडी चप्पल वापरा.
- उभं राहिलं की टाचेच्या कडेला दिसणारे आणि पाय उचलला की जाणारे बारीक फुगवटे: आतली चरबी दाबाने बाहेर येते. दुखत नसतील तर काही करू नका.
- पायाच्या वरच्या बाजूला गुळगुळीत, पाण्याच्या फुग्यासारखी गाठ: सांध्याजवळचं चिकट पाणी साठलेलं असतं. ती ठोकून फोडू नका.
- अंगठ्याच्या सांध्याला रात्रीत सूज, लाली आणि चादर लागली तरी असह्य ठणका: हा गाऊट असू शकतो. रक्तातलं युरिक ॲसिड तपासून घ्या.

काटा मोडला आणि गाठ आली

बाभळीचा काटा आत मोडला की त्याच्याभोवती गाठ होते, कधी पू होतो. सुईने उकरत बसू नका. दवाखान्यात जाऊन काटा काढून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

काट्याच्या जखमेतून आणखी एक आजार होतो, तो शेतकऱ्यांनी नीट लक्षात ठेवावा. डॉक्टर त्याला मायसेटोमा म्हणतात, दुसरं नाव मदुरा फूट. एकोणिसाव्या शतकात मदुराईकडे याचे रुग्ण आढळले, त्यावरून हे नाव पडलं. मातीतली बुरशी किंवा जिवाणू काट्याबरोबर आत जातात. काटा विसरून जातो आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी पायावर टणक सूज येते. ती दुखत नाही, म्हणूनच माणूस दवाखान्यात जात नाही. मग सुजेला भोकं पडतात, पाणी किंवा पू येतो आणि त्यात काळे, पांढरे, पिवळे किंवा लाल रव्यासारखे कण दिसतात.

हे कण दिसले की थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात त्वचारोग किंवा सर्जरी विभागात जा. जिवाणू असतील तर औषधांनी चांगला गुण येतो. बुरशी असेल तर दीर्घकाळ गोळ्या आणि काही वेळा ऑपरेशन लागतं. आजार हाडात उतरला तर पाय कापावा लागू शकतो. लवकर गेलं तर पाय वाचतो.

मधुमेह असेल तर

जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होतात. घट्ट्याखाली जखम झाली तरी कळत नाही, रक्तपुरवठा कमी असला की ती भरत नाही. पात्याने कापलेलं एक कुरूप पुढे पाय कापण्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून मधुमेही माणसाने पातं, कुरपाची पट्टी, बिब्बा, चीक, गरम पाण्याचा शेक यातलं काहीही करू नये. रोज रात्री तळवे बघावेत. दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्यांना दाखवावेत.

मधुमेह नसतानाही तळवा बधिर असेल किंवा अंगावर न खाजणारा, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि आजार बरा होतो. लपवू नका.

लगेच दवाखाना गाठा, जर

- गाठ भराभर वाढत असेल किंवा तिच्यातून रक्त, पू, कण येत असतील
- काळा डाग किंवा काळी गाठ रंग, आकार बदलत असेल (क्वचित हा कातडीचा कॅन्सर असतो)
- पाय लाल, गरम झाला असेल आणि ताप असेल
- जखम दोन आठवड्यांत भरत नसेल

सुरुवात गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा, गरज लागली तर तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवतात. जाताना रोज वापरायची चप्पल पायातच असू द्या. ती कुठे झिजली आहे हे बघून डॉक्टरांना दाब कुठे पडतो ते कळतं. आणि शेतात जाताना बूट घाला. एक जोडी बुटाचा खर्च पायाच्या ऑपरेशनपेक्षा कधीही कमीच.