चार शब्दांचं नाव

मागच्या महिन्यात पुतण्याला मुलगी झाली. बारशाआधी आठ दिवस आमच्या घरात एकच विषय. आडनाव पाटील, त्याला शोभेल असं नाव हवं. 'कृपा' सुचवलं, तर घाईत म्हणताना 'कृपाटील' होतं. 'शीतल'मध्ये ल आणि पाटीलमध्येही ल, मग यमक जुळतं. कुणी मोबाइलवर शोधतंय, कुणी राशीचं अक्षर धरून बसलंय. मी म्हटलं, दारात उभं राहून मोठ्याने हाक मारा आणि मग शाळेत हजेरी घेतात तसं आडनावासकट म्हणा. कानाला खटकलं नाही की झालं.

पण ज्या आडनावासाठी एवढा आटापिटा, ते आलं कुठून? पाटील ही मुळात पदवी. गावचा वसूल आणि कारभार बघणारा तो पाटील. वंशपरंपरेने चालणारं ते पद 1962 च्या कायद्याने गेलं, पण आडनाव राहिलं. आपल्या अमळनेर तालुक्यात कुठल्याही वर्गाची हजेरी काढा, निम्मी पानं पाटलांची वाटतील. एकाच वर्गात एकाच नावाचे दोन-तीन पाटील असले की गुरुजी ओळखायचे कसे? बापाच्या नावावरून. म्हणजे आपल्याकडे ओळख पटवायचं खरं काम मधलं नाव करतं. आणि त्या मधल्या जागेवर आई कधीच नव्हती.

आपल्याच गावाचं उदाहरण घ्या. 1924 ते 1930 या काळात प्रताप हायस्कूलमध्ये एक शिक्षक होते, पांडुरंग सदाशिव साने. आपले साने गुरुजी. या पूर्ण नावात वडील आहेत, घराणं आहे. आई यशोदाबाई नाहीत. पण गुरुजींना घडवलं कुणी हे आज महाराष्ट्रातल्या पोराटोरांना ठाऊक आहे, कारण 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. जी आई नावात बसली नाही, तिच्यासाठी मुलाला पुस्तक लिहावं लागलं.

दुसरं उदाहरण जळगावचं. कवी सोपानदेव चौधरी. त्यांच्या नावात मध्ये वडील नथूजी. आई बहिणाबाई, माहेर असोद्याचं, अक्षरओळख नाही. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या कविता छापून आल्या. आज लोक सोपानदेवांना बहिणाबाईंचा मुलगा म्हणून ओळखतात. कागद काहीही म्हणो.

बायकांचं तर स्वतःचं नावही स्वतःकडे राहत नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहायचं, सासरच्या पसंतीचं. 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही माहेरच्या यमुनाच. दोन यमुना, दोघींची नावं बदलली.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर माझ्या आईचं सांगतो. तिचंही नाव लग्नात बदललं. चार वर्षांपूर्वी माहेरच्या शेतीच्या वारसाचं काम निघालं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. एका कार्यालयात तिला विचारलं, ही बाई तुम्हीच कशावरून? प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, चकरा. सत्तरीतली बाई स्वतःच स्वतः असल्याचं सिद्ध करत होती. मी पत्रकार, रोज दुसऱ्यांची नावं छापतो, आणि आईचं माहेरचं नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर दिसलं. लाज वाटली.

आता मुद्द्यावर येतो. 11 मार्च 2024 ला राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदपत्रांवर असं लिहायचं: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आधी आईसाठी वेगळा रकाना असायचा, आता ती थेट नावात आली. म्हणजे जुळवायचे शब्द दोन नाहीत, चार.

एक गोम आहे, तीही सांगतो. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव ही जुनी पद्धत चालूच ठेवली आहे. म्हणजे आज आईचं नाव घेऊन वाढणाऱ्या मुलीच्या नावातून ते लग्नानंतर पुन्हा निघू शकतं. तशी सक्तीच आहे असं मात्र समजू नका. आपल्या जिल्ह्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताईंनी शेखावतांशी लग्न केलं, पण राष्ट्रपती भवनात गेल्या त्या प्रतिभा देवीसिंह पाटील म्हणून. मध्ये नवरा, शेवटी माहेर.

आमच्या घरीही वाद झालाच. नाव ठरलं, पाटीलला छान शोभत होतं. अर्जावर चार शब्द लिहिल्यावर एक काका म्हणाले, "आईचं नाव मध्ये आलं की ठेका मोडतो. चालत असेल तर गाळा." सूनबाई काही बोलली नाही, खाली बघत बसली. कोपऱ्यातून माझी आई म्हणाली, "मायनं नाव ऱ्हाऊ दे." मग कुणी बोललं नाही. अर्ज तसाच गेला.

बाळाचं नाव इथे लिहीत नाही, पुतण्याने फेसबुकवर टाकू नका म्हणून बजावलंय. पण ज्यांच्या घरी पाळणा हलला आहे त्यांनी एवढं करा. घाई करू नका. जन्माची नोंद वेळेत करा. बाळाचं नाव मात्र त्या नोंदीत बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नाव ठरवताना चारही शब्द मोठ्याने म्हणून बघा. ठेका मोडला तर बाळाचं नाव बदला, आईचं गाळू नका.

आणि हो, आज घरी गेल्यावर आपल्या आईला तिचं माहेरचं नाव विचारा. किती जणांना ठाऊक आहे, ते कमेंटमध्ये सांगा.