जाळीवरचं नाव आणि चुंबकामागचा आकडा

आजचा भाग जमलं तर स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन ऐका. विषय आहे जुने स्टिरिओ स्पीकर. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातले ते जड लाकडी खोके, ज्यांच्या जाळीवर पितळी अक्षरांत एखादं भारदस्त नाव असतं आणि ते नाव सर्च केलं तर काही म्हणजे काहीच हाती लागत नाही. ना कारखान्याचा पत्ता, ना जाहिरात, ना कुणाची आठवण. मग हे खोके बनवले कोणी?

तुमच्यापैकी बरेच जण मला असे फोटो पाठवता. फोटो नेहमी पुढून काढलेला आणि प्रश्न नेहमी एकच, "हे चांगल्या कंपनीचे आहेत का?" पुढून काढलेल्या फोटोवरून ते सांगता येत नाही. का येत नाही, तोच आजचा इतिहास. बहुतेक गोष्ट अमेरिकेतली आहे, कारण हा सगळा घोळ तिथे झाला आणि तो सोडवायची किल्लीही तिथेच तयार झाली.

तेव्हाच्या अमेरिकेत रेडिओ, ॲम्प्लिफायर, स्पीकर हे सगळं कॅटलॉगमधून मागवायची पद्धत जोरात होती. सीअर्स नावाचं अवाढव्य दुकान 'सिल्व्हरटोन' हे नाव लावून माल विकायचं. शिकागोची अलाइड रेडिओ 'नाइट' नावाने विकायची. न्यूयॉर्कच्या लाफायेटचं 'क्रायटेरियन' होतं, रेडिओ शॅकचं 'रिअलिस्टिक'. (हे नाव आधी 'रिअलिस्ट' होतं. त्याच नावाचा एक कॅमेरा बाजारात होता, त्याच्या मालकांनी हरकत घेतली म्हणून शेपूट जोडलं.) ही झाली मोठी नावं, यांची निदान नोंद तरी आहे. त्याखाली गावोगावची फर्निचरची दुकानं होती, छोटे घाऊक व्यापारी होते. प्रत्येकाला वाटायचं, आपलंही नाव जाळीवर असावं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला व्हाइट लेबल म्हणतात. ॲप तुमच्या बँकेच्या नावाचं, आतला कोड तिसऱ्याच कंपनीत बसलेल्या पोरांनी लिहिलेला.

हे जमायचं कारण तांत्रिक आहे. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आज आपण ओळखतो तसा स्पीकर कागदावर मांडला: चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी, गुंडाळीला चिकटलेला कोन, आणि कोन हलला की हवा हलते. शंभर वर्षं होऊन गेली, मूळ रचना तीच आहे. आता विचार करा, खोका बनवायला सुतार पुरतो. पण ती गुंडाळी, तो कागदी कोन, ते चुंबक, हे सगळं केसाएवढ्या फटीत न घासता बसवायचं तर कारखाना लागतो. म्हणून खोक्यांवर नावं भरमसाट, आणि आतला गोल स्पीकर, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो बनवणारे कारखाने मोजके. त्यातले बरेचसे शिकागो आणि शेजारच्या इंडियाना राज्यात. जेन्सन, ऑक्सफर्ड, क्वाम हे शिकागोत, युटा हंटिंग्टनला, सीटीएस एल्कहार्टला.

जेन्सनची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती या विषयाला फारच चपखल बसते. पीटर जेन्सन हा डेन्मार्कचा माणूस. कॅलिफोर्नियात नापा इथे एडविन प्रिडहॅम या साथीदाराबरोबर त्याने आवाज मोठा करायचं यंत्र बनवलं. १९१५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर हजारोंच्या गर्दीला त्यांनी ते ऐकवलं. यंत्राचं नाव मॅग्नाव्हॉक्स, लॅटिनमध्ये 'मोठा आवाज'. १९१९ मध्ये सॅन डिएगोत राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचं भाषण याच यंत्रातून गर्दीपर्यंत पोचलं. पुढे जेन्सनने मॅग्नाव्हॉक्स सोडली आणि १९२७ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली. ती शिकागोत वाढली. आणि मग चाळीसच्या दशकात स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून तो बाहेर पडला आणि रेकॉर्ड प्लेयरच्या सुया बनवायला लागला! कंपनी मूटर नावाच्या दुसऱ्या कंपनीचा विभाग झाली, लेबलवर ते बारीक अक्षरांत छापलेलं असायचं. म्हणजे पन्नास-साठच्या दशकातल्या ज्या स्पीकरवर ठळक 'जेन्सन' लिहिलंय, त्यात जेन्सन नावाच्या माणसाचा हातच नाही. दुकानाची नावं सोडाच, खऱ्या कारखान्याच्या नावाचीही ही तऱ्हा.

आता येऊ किल्लीकडे. अमेरिकेतल्या रेडिओ उत्पादकांनी १९२४ मध्ये एक संघटना काढली. तिचं नाव अधूनमधून बदलत गेलं आणि १९५७ मध्ये ती इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशन, म्हणजे ईआयए झाली. या संघटनेने सुटे भाग बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला एक क्रमांक दिला. एका रेडिओत दहा पुरवठादारांचे भाग असतात. उद्या शंभर रेडिओ परत आले तर कोणाचा भाग कुठल्या आठवड्यात बनलेला, हे कळायला नको का? आमच्याकडे लॉगमध्ये प्रत्येक ओळीपुढे सर्व्हिसचं नाव आणि वेळ लिहितात, तसंच हे. ग्राहकासाठी नव्हतंच ते, म्हणून ते चुंबकाच्या मागे किंवा पत्र्याच्या सांगाड्याच्या कडेला शाईच्या शिक्क्याने मारलेलं असतं.

वाचायचं कसं? समजा आकडा आहे ३२८६७१२. पहिले तीन ३२८, म्हणजे युटा. पुढचे दोन ६७, म्हणजे १९६७. शेवटचे दोन १२, त्या वर्षाचा बारावा आठवडा. झालं. २२० म्हणजे जेन्सन, १३७ सीटीएस, ४६५ ऑक्सफर्ड, २८५ रोला, ३९१ आल्टेक लान्सिंग, ६४९ इलेक्ट्रो-व्हॉइस, आणि नुसतं ६७ म्हणजे एमिनन्स.

गंमत जुन्या आकड्यांत आहे. बऱ्याच ठिकाणी वर्षाला एकच अंक दिलेला असतो. २२०८३२ म्हणजे जेन्सन, आठवा, बत्तिसावा आठवडा. पण आठ म्हणजे १९४८, ५८ की ६८? तुम्ही वायटूके ऐकलंय, दोन अंकांत वर्ष साठवल्यामुळे झालेला घोटाळा. हे लोक त्याच्याही पुढे, एका अंकात साठवत होते. त्यांच्या जागी ते बरोबरच होतं म्हणा. वॉरंटीचा भांडणतंटा दहा वर्षं थोडाच चालतो? अजून साठ वर्षांनी कुणी टॉर्च मारून बघणार आहे, हे त्यांना कुठे माहीत होतं.

मग दशक ठरवायला इतर खुणा बघायच्या. मला सगळ्यात आवडते ती पत्त्याची. आपला पिनकोड आला १९७२ मध्ये, अमेरिकेचा पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ ला. त्याआधी मोठ्या शहरांत गावाच्या नावापुढे नुसता विभागाचा छोटा आकडा असायचा. लेबलवर 'शिकागो ३८, इलिनॉय' असं असेल, तर ते बहुधा झिपच्या आधीचं लेबल. दुसरी खूण पेटंटची. ॲकूस्टिक रिसर्च कंपनीच्या लेबलवर २७७५३०९ हा अमेरिकन पेटंट क्रमांक दिसतो. एडगर विल्चर यांना हवाबंद खोक्याच्या रचनेसाठी ते डिसेंबर १९५६ मध्ये मिळालं. म्हणजे ते लेबल त्याच्या आधीचं असूच शकत नाही. तिसरी खूण चुंबकाची. आधीची चुंबकं अल्निकोची असत, त्यात कोबाल्ट लागतं. स्वस्त सिरॅमिकची चपटी, काळी, चकतीसारखी चुंबकं साठच्या दशकापासून वाढत होतीच. १९७८ मध्ये झाईरमध्ये, कोबाल्टच्या खाणींच्या मुलखात, लढाई झाली, कोबाल्टचे भाव भडकले आणि उरलेसुरले लोकही सिरॅमिककडे वळले. आफ्रिकेतल्या एका खाणीच्या गावातली लढाई तुमच्या स्पीकरची पाठ बघून कळते, हे मला अजून भारी वाटतं.

हे सगळं मी एकदा अगदी घरच्या कामाला वापरलं, ते सांगतो. माझी मावशी शिकागोच्या एका उपनगरात राहते. काका सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडे नोकरीला गेले, दोन वर्षांपूर्वी वारले. मावशी घर विकून लहान फ्लॅटमध्ये जायला निघाली, बेसमेंट रिकामं करायचं होतं. जुनं सामान उचलणारा माणूस आला. काकांच्या स्पीकरवरचं नाव वाचून म्हणाला, हे नाव कुणी ऐकलेलं नाही, फुकट नेतो. मावशी गप्प झाली. रात्री तिचा मला फोन. स्पीकरचं तिला काही नव्हतं. तिला वेगळंच लागलं होतं. त्या काळी काकांनी पगारातले बरेच डॉलर त्यात घातले होते आणि मित्रमंडळी अनेक वर्षं चिडवायची, दुकानदाराने तुझी टोपी घातली म्हणून. काका म्हणायचे, "नाव बघू नका, आतला माल बघा." मावशीने मला विचारलं, "खरंच फसवलं होतं का रे ह्यांना?"

मावसभावाने व्हिडिओ कॉल लावून वूफरचे स्क्रू काढले. चुंबकामागे शिक्का होता १३७७४१५. दुसऱ्या खोक्यातही तोच. सीटीएस, १९७४, पंधरावा आठवडा, म्हणजे एप्रिल. ही कंपनी १८९६ मध्ये शिकागो टेलिफोन सप्लाय या नावाने सुरू झाली आणि नंतर एल्कहार्टला गेली. तुमच्यात कोणी इलेक्ट्रिक गिटार वाजवत असेल तर व्हॉल्यूमच्या बटणाखाली बघा, बऱ्याच जुन्या फेंडर गिटारींत तोच १३७ सापडतो. फेंडरच्या ॲम्प्लिफायरमध्येही सीटीएसचे स्पीकर असायचे.

मी मावशीला विचारलं, तू तिकडे गेलीस तेव्हा हे घरात होते का? होते म्हणाली. लग्न डिसेंबर १९७४ चं, आणि ती पोचली तेव्हा याच स्पीकरांवर तिच्यासाठी आणलेली भावगीतांची रेकॉर्ड लागली होती. म्हणजे एप्रिलनंतर आणि डिसेंबरच्या आत. खालची मर्यादा शिक्क्याने दिली, वरची मावशीच्या आठवणीने. दोन्ही वूफर एकाच आठवड्यातले, म्हणजे जोडी मूळची, मधे कुणी बदललेली नाही. बाजारभाव म्हणाल तर यामुळे काही फार वाढला नाही, सीटीएसच्या मागे कलेक्टर धावत नाहीत. पण माल सरळ, नामांकित कारखान्याचा होता. मावशी एवढंच म्हणाली, "म्हणजे ह्यांचं बरोबर होतं." स्पीकर आता नव्या फ्लॅटमध्ये आहेत, सून कुरकुरत असते.

इथे एक सावधगिरी. शिक्का सांगतो तो ड्रायव्हरचा जन्म, खोक्याचा नाही. खोका त्यानंतर काही आठवड्यांनी जोडलेला असेल किंवा वर्षभर माल गोदामात पडून असेल. दोन खोक्यांतले आकडे चार वर्षांच्या फरकाने आले तर समजा एक कधीतरी बदललाय. आणि दिसला आकडा की लावला कोड असं करू नका. शेवटचे दोन अंक ५३ च्या वर गेले तर तो आठवडा नाही, भलताच पार्ट नंबर आहे. इनपुट तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, कॉलेजमध्ये शिकवलेलं एवढं तरी कामाला येतं.

शिवाय ही पद्धत अमेरिकेबाहेर फारशी लागू नाही. इंग्लंडच्या केईएफ कंपनीच्या ड्रायव्हरवर 'एसपी' आणि चार आकडे असतात. एसपी १००३ दिसला तर तो त्यांचा प्रसिद्ध बी११० वूफर. हा वूफर आणि टी२७ ट्वीटर घेऊन बीबीसीने एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर आखला आणि तो बनवायचा परवाना वाटला. रॉजर्स, चार्टवेल, स्पेन्डॉर, हार्बेथ, नावं वेगवेगळी, आतला मूळ आराखडा एकच. फिलिप्सच्या ड्रायव्हरवर 'एडी' असतं आणि पुढचा आकडा इंचांत माप सांगतो, एडी ८०६० म्हणजे आठ इंची. आणि डायनाको ए२५, अमेरिकेत तुफान खपलेला, कंपनी फिलाडेल्फियाची, पण मागे लिहिलंय डेन्मार्क आणि आतले ड्रायव्हर नॉर्वेच्या सीआस कंपनीचे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात काही हाताला लागलं तर आधी देश ओळखा, मग आकडा. 'वेस्ट जर्मनी' लिहिलं असेल तर निदान १९९० च्या आधीचा माल, एवढं तरी नक्की.

आता उघडायचं कसं. खोका उताणा ठेवा, म्हणजे शेवटचा स्क्रू निघाल्यावर वूफर पुढे कोसळणार नाही. स्क्रूड्रायव्हर चुंबकाकडे ओढला जातो आणि कोन फाडतो, म्हणून तो घट्ट धरा. कडेचा फोम बोटाने दाबून बघायचा मोह आवरा, जुना असेल तर भुगा होतो. हवाबंद खोक्यात कडेला मेणासारखी पट्टी असते, ती सांभाळा, बंद करताना परत लागेल. तारा सोडवण्याआधी कुठली कुठे होती त्याचा फोटो घ्या. शिक्का पुसट असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, शाई निघून जाईल. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून फोटो काढा आणि तो मला पाठवा. पुढच्या जाळीचा नको, पाठीचा.