आसगावचे पाद्री, लिस्बनचे प्राध्यापक



गेल्या पावसाळ्यात रविवारच्या मिस्सानंतर एक आई आम्हांला गाठून म्हणाली, "सर, आमची मुलगी गोवा विद्यापीठात पोर्तुगीज घेऊन एम.ए. करायचं म्हणते. त्या भाषेनं पोट भरणार आहे का? आणि ज्यांनी आपल्या लोकांची भाषा बंद पाडली, त्यांचीच भाषा शिकायची?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. पोर्तुगाल लहान असला तरी ब्राझील, अंगोला, मोझांबिक मिळून वीस कोटींहून अधिक लोक ती भाषा बोलतात, आणि या देशांचे साहित्य व संस्कृती हाही त्या अभ्यासाचाच भाग असतो. पण दुसरा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो.

बाई खोटे बोलत नव्हत्या. 1684 साली गोव्याचा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. त्याआधीची पिढी आठवली म्हणजे हे अधिकच बोचते. 1579 साली गोव्यात उतरलेले फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज होते, तरी त्यांनी आपल्या लोकांसाठी मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली रायतूरला छापले गेले. कोकणीचे व्याकरणही त्यांनीच लिहिले, पोर्तुगीज भाषेत. त्यांच्या मृत्यूनंतर 1640 साली ते छापून निघाले. म्हणजे जी भाषा पाद्रींनी गुडघे टेकून शिकली, तीच पुढे सत्तेने मोडीत काढायला घेतली. ख्रिस्ती म्हणून आम्ही हे झाकू नये असे आम्हांला वाटते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. 1855 साली कुन्हा रिव्हारा नावाचा पोर्तुगीज अधिकारी गोव्यात आला. त्याने स्टीफन्सचे व्याकरण पुन्हा छापले आणि कोकणीच्या इतिहासावर निबंध लिहून या भाषेची बाजू मांडली. आणि त्याच 1855 साली बार्देशातल्या आसगावी एक मूल जन्माला आले, सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो. योगायोगच म्हणायचा, आम्हांला मात्र तो देवाचा हात वाटतो.

दालगादो रायतूरच्या सेमिनरीत शिकले, पाद्री झाले, रोमला जाऊन पुढचे शिक्षण घेऊन आले. श्रीलंकेत आणि बंगालमध्ये त्यांनी धर्मसेवा केली. श्रीलंकेतल्या साध्या ख्रिस्ती लोकांची मोडकी म्हणून हिणवली जाणारी पोर्तुगीज बोली त्यांनी कान देऊन ऐकली आणि 1900 साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्याआधी 1893 मध्ये मुंबईत त्यांचा कोकणी-पोर्तुगीज कोश निघाला होता. त्यातले कोकणी शब्द देवनागरीत आहेत, शेजारी रोमन लिपी! एका कॅथलिक पाद्रीने त्या काळात हे करावे, याचे मोल देवनागरीत प्रार्थना वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना लगेच कळावे. पुढे हेच पाद्री लिस्बनला संस्कृतचे प्राध्यापक झाले. आसगावचा मुलगा पोर्तुगालच्या राजधानीत पोर्तुगिजांना संस्कृत शिकवत होता. 'हितोपदेश'ही त्यांनी पोर्तुगीजमध्ये नेला होता.

1913 साली कोइम्ब्रात त्यांचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पोर्तुगीज शब्द आशियातल्या सुमारे पन्नास भाषांत कसे शिरले, हा त्याचा विषय. त्याचे इंग्रजी भाषांतर 1936 साली आपल्या बडोद्याला, गायकवाड प्राच्यमालेत निघाले. बडोदेकर बंधू-भगिनींनी याचा थोडा अभिमान बाळगावा. असा ग्रंथ हाती घेतला की आपलेच घर नव्याने दिसू लागते. चावी, साबण, बादली, घमेले, लिलाव, पगार, तुरुंग. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना हे शब्द सांगतो तेव्हा ती हसतात. पाद्री, क्रूस, नाताळ हे तर आपल्या ओठावरचेच. यांतला एकही शब्द हुकुमाने आला नाही. व्यापारी, खलाशी, स्वयंपाकी, आया यांच्या तोंडून तो आला आणि आपलाच होऊन राहिला.

दालगादोंना 1684 चा हुकूम ठाऊक नसेल असे संभवत नाही. ज्या भाषेने आपल्या भाषेला गप्प केले, तीच त्यांनी इतकी चांगली आत्मसात केली, की तिच्यातूनच आपल्या भाषेची साक्ष देता आली. 1922 साली लिस्बनलाच त्यांचे देहावसान झाले.

आम्ही त्या बाईंना हे सगळे सांगितले. त्यांचे कितपत समाधान झाले कोण जाणे, पण मुलगी गेली.

नाताळच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये एका पानाचा फोटो होता. गोव्यातल्या तिच्या पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद, शाईने लिहिलेली, पोर्तुगीजमध्ये. आजवर घरात कुणाला ती वाचता आली नव्हती. तिने आजीसमोर बसून एकेक शब्द लावला. तारीख, आईबापांची नावे, गाव. मग एका शब्दाशी ती थांबली आणि म्हणाली, "पाद्रीन्यू."

आजी जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "अगं, म्हणजे आपला पाद्रीन! नाव काय लिहिलंय त्याचं?"